आप्पांचं मीठ

प्रश्न : ताई, माझे सासरे (घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात) ७४ वर्षांचे आहेत. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, आता आमच्याजवळ डोंबिवलीत असतात. बीपी वरचेवर १६०च्या पुढे जातं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी वाढवली आणि मीठ कमी करा म्हणून बजावलं. तेव्हापासून घरात रोज महाभारत. मी आमटीत मीठ कमी घातलं की आप्पा ताटातलं मीठ चिमटीने वरून घेतात आणि सगळ्यांना ऐकवतात, ‘ज्या मिठासाठी माझ्या वडिलांनी शिरोड्याला लाठ्या खाल्ल्या, ते मला माझ्याच घरात मोजून मिळणार?’ यावर काय बोलायचं हेच कळत नाही. मोबाइलवर कुठेतरी वाचून त्यांनी सगळ्या घरासाठी गुलाबी सैंधव आणायला लावलंय. ते कितीही खाल्लं तरी चालतं म्हणे. नवऱ्याने ‘लो सोडियम’ मिठाची पिशवी मागवली, ती अजून फोडलेली नाही. सासूबाई, आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली नणंद (सातवा महिना) धरून घरात सहा माणसं. महिन्याला दोन किलो मीठ लागतं. मी नेमकं काय करू? आणि खारा बांगडा कायमचा बंद करायचा का? तसं झालं तर आप्पा उपोषणालाच बसतील.
– एक सून, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात आप्पा पानभर आहेत आणि नणंदबाई अर्ध्या ओळीत, पण मी सुरुवात नणंदबाईंपासून करते. आप्पांचा वाद आणखी चार दिवस चालला तरी काही बिघडत नाही. नणंदबाईंसाठी मात्र आजच वाण्याकडून साध्या आयोडीनयुक्त मिठाची पिशवी आणा आणि घरचा स्वयंपाक परत त्या मिठावर सुरू करा. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडशी बांधलेली असते आणि थायरॉइडचं काम आयोडीनवाचून चालत नाही. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणासाठी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. तुम्ही मासे खाता, त्यातून थोडं मिळतं, पण त्यावर विसंबू नका. आपल्या घरांत आयोडीन येण्याची खात्रीची वाट म्हणजे ते पांढरं, बारीक, पिशवीतलं मीठ. गुलाबी सैंधवात बहुधा ते घातलेलं नसतं.

गंमत पाहा, या सैंधवाची जाहिरात हिमालयाच्या नावाने होते, आणि आयोडीनच्या कमतरतेने सगळ्यात जास्त सोसलं ते हिमालयाच्या कुशीतल्याच लोकांनी. तिथल्या मातीतलं आयोडीन बर्फाने आणि पावसाने केव्हाच धुऊन नेलंय. कांगडा खोऱ्यात गावागावांत गलगंडाने गळे सुजलेले असायचे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून तिथे काही भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ पुरवलं, शेजारच्या भागाला साधंच दिलं, आणि काही वर्षांनी दोन्हीकडचे गळे तपासले. फरक इतका स्पष्ट होता की १९६२मध्ये देशाने गलगंडाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. आज तुमच्या मुलाच्या वर्गात गलगंड झालेलं एकही मूल बहुधा दिसणार नाही, त्यामागे हे काम आहे. मिठाची बरणी मात्र घट्ट झाकणाची हवी, आणि शेगडीच्या डोक्यावरच्या फळीवर नको. वाफ आणि दमट हवा लागून आयोडीन कमी होत जातं.

आता ‘कितीही खाल्लं तरी चालतं’ याबद्दल. हे गुलाबी मीठ मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतून येतं. त्याचा रंग लोहाचा. बाकीची खनिजं इतकी किंचित असतात की औषधापुरतीसुद्धा उपयोगाला येत नाहीत, आणि ९७-९८ टक्के भाग सोडियम क्लोराइडच असतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या मिठात असतं तेच. पादेलोणाचीही गोष्ट फार वेगळी नाही. उपासाला सैंधव खायचं तर खुशाल खा, चवीला छान असतं. बीपीच्या दृष्टीने मात्र त्याला वेगळी सवलत नाही. एक फसगत लक्षात ठेवा. जाड खड्यांचं मीठ चमच्यात कमी मावतं, त्यामुळे ‘चमचाभरच घातलं’ हे खरं असतं. मग चवीला कमी पडलं म्हणून आणखी अर्धा चमचा पडतो, आणि हिशोब तिथल्या तिथेच.

नवऱ्याने मागवलेली पिशवी फोडली नाहीत ते उत्तम केलंत. कल्पना वाईट नाही, उलट चांगली आहे. या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१,००० लोकांवर पाच वर्षांच्या आसपास अभ्यास झाला. त्यातल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता. निम्म्या गावांना तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियमचं मीठ असं मिश्रण दिलं, निम्म्या गावांनी नेहमीचं मीठ खाल्लं. मिश्रण खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. २०२१मध्ये हे निष्कर्ष आले आणि जानेवारी २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली. पण त्या शिफारशीतून तीन जणांना वगळलंय : मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर बायका आणि मुलं. तुमच्या घरात यातले दोघे आहेतच. तिसऱ्याचं, म्हणजे आप्पांचं, नक्की माहीत नाही. टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड थोडं जरी मंदावलेलं असेल आणि वरून मिठातूनही पोटॅशियम गेलं, तर रक्तातलं प्रमाण हृदयाच्या ठोक्यांवर बेतेल इतकं चढू शकतं. म्हणून क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, पिशवीही सोबत न्या आणि मागे छापलेलं प्रमाण दाखवा. ते हो म्हणाले तर आप्पांच्या वाटणीपुरतं वापरा, तोवर कपाटात राहू दे.

आता शिरोडा. तुम्ही लिहिता, यावर काही बोलता येत नाही. मला वाटतं, यावरच भरपूर बोलावं, आणि आप्पांच्या बाजूने बोलावं. त्यांच्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्या असतील तर त्या घराला त्याचा अभिमान हवाच. ६ एप्रिल १९३०ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि महिन्याभरात ती लाट कोकणच्या किनाऱ्याला आली. मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही उतरले, लाठ्या चालल्या, धरपकड झाली. त्याच महिन्यात मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर लोकांच्या झुंडी गेल्या आणि गुजरातेत धारासण्याला लोक डोकी फुटेपर्यंत रांगेने पुढे जात राहिले.

हे सगळं कशासाठी होतं? १८८२च्या कायद्याने मीठ करण्याचा आणि विकण्याचा ताबा सरकारकडे होता आणि त्यावर कर होता. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाने खडकाच्या खळग्यात आपोआप साकळलेलं मीठ घरी नेलं तरी तो गुन्हेगार. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, मिठाची चोरटी ने-आण रोखायला इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेघ आखली होती आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी झाडांचं जिवंत कुंपण वाढवलं होतं, पहाऱ्याला हजारो माणसं. १८७९मध्ये ती रेघ मोडली, कर राहिला. २ मार्च १९३०च्या पत्रात गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला हेच लिहिलं की गरिबाच्या नजरेतून हा सगळ्यात अन्यायाचा कर आहे, कारण मीठ ही एकच वस्तू गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त खावी लागते. उन्हातान्हात नांगर धरणारा आणि बोट वल्हवणारा माणूस घामावाटे मीठ गमावतो. त्याच्या ताटातलं मीठ महाग करणं म्हणजे त्याच्या अंगातली ताकद काढून घेणं. आप्पांच्या वडिलांच्या पिढीने मिठाची टंचाई पाहिली होती. १९३१च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली आणि करातून देश सुटला तो १९४७मध्ये.

तेव्हा आप्पांना म्हणा, तुमचे वडील लढले ते मिठावर परक्याचा ताबा नको म्हणून. किती खायचं हे त्या लढ्याने ठरवलं नव्हतं. आणि पंख्याखाली बसून पेपर वाचणाऱ्याला नांगऱ्याचं मीठ लागत नाही (हे शेवटचं वाक्य तुम्ही बोलू नका, सासूबाईंना बोलू दे).

आप्पा इतिहासात रमणारे दिसतात, तर त्यांना आणखी एक सांगा, त्यांच्याच मुलखातलं. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र पाठवलं. गोव्यातल्या बारदेशातलं पोर्तुगीजांकडचं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळताहेत, आपली मिठागरं बसतील, तर त्या मिठावर जकात अशी बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे पत्र आवडल्यावाचून राहणार नाही. निदान त्या दिवशीचं जेवण तरी शांततेत होईल.

पण तुमच्या घराला खरी उपयोगी पडेल अशी मिठाची गोष्ट दांडीच्या कितीतरी आधीची, दक्षिण आफ्रिकेतली आहे. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये गांधीजींनीच ती लिहून ठेवलीय. कस्तुरबा आजारी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं, परोपरीने समजावलं, पुस्तकांतले दाखले दिले. बा ऐकेनात. शेवटी वैतागून म्हणाल्या की तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हालाही हे सुटणार नाही. झालं! गांधीजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं की मी वर्षभर दोन्ही सोडलं, तू सोड अथवा नको सोडूस. बा घाबरल्या, मी सोडते पण तुम्ही शपथ मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. ते बधले नाहीत. बा रडल्या, म्हणाल्या, तुम्ही फार हट्टी आहात. गांधीजींनी ही आठवण आयुष्यातल्या गोड आठवणींत जमा केली. बांना ती तितकीच गोड वाटली असेल का, याबद्दल मला शंका आहे.

या प्रसंगातलं अर्धं घ्या आणि अर्धं सोडा. शपथ, अबोला, रडारड नको. पण ज्याला पथ्य आहे त्याच्यासोबत सगळ्या घराने पथ्य धरावं, हे मात्र अगदी खरं. तुमच्याकडे आज आप्पांच्या आमटीत मीठ कमी आणि बाकीच्यांच्या ताटात फरसाण. असा एकट्याला बाजूला काढलेला माणूस चिमटीने मीठ घेणारच. आणि ‘सगळे’ म्हणजे काही आप्पांवर उपकार करायला नव्हे. तुमचाच आकडा बघा.

सहा माणसं, दोन किलो, तीस दिवस. भागाकार केला की माणशी दिवसाला ११ ग्रॅम येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, लोणचं-पापड-बिस्किटांतलं धरून. आपल्याकडच्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास निघाली होती. तुमच्या दोन किलोंतलं थोडं मासे धुवायला, भाजी भिजवायला जात असेल, ते वजा करा. पण मग विकतचं लोणचं, पाव, शेव, नूडल्स यांतलं मिळवायलाही हवं, आणि तुमचा मुलगा मोठ्या माणसाएवढं खात नसणार. म्हणजे घरातली मोठी माणसं, तुम्हीही, लागतं त्याच्या दुप्पट मीठ खाताय. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या खाण्यात वरून मीठ जवळजवळ नसतंच. १९८८मध्ये ३२ देशांतल्या बीपीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचं सरासरी बीपी १००च्याही खाली होतं आणि वयाबरोबर चढत नव्हतं. आपण काही यानोमामी होणार नाही, व्हायलाही नको. पण वय झालं की बीपी चढायचंच, हे आपण गृहीत धरतो, त्यात मिठाचा हात मोठा आहे.

माझा सल्ला असा : ताटावर भांडण बंद, हिशोब पिशवीचा. आप्पा बँकेतले आहेत ना, मग मिठाचं खातं त्यांच्याकडेच द्या. पिशवी फोडली की त्यांनी तिच्यावर तारीख घालायची, संपली की वहीत लिहायचं. मासे धुवायला वेगळं जाडं मीठ ठेवा, ते या हिशोबात धरू नका. ५ ग्रॅमच्या दराने सहा जणांचे महिन्याला ९०० ग्रॅम होतात, त्यातही लोणच्या-फरसाणाचा वाटा काढायला हवा. पहिल्या महिन्यातच तिथे पोचायला जाऊ नका. दोन किलोचे दीड किलो झाले तरी पुष्कळ. जीभ हळूहळू सरावते, दोन-तीन महिने लागतात, आणि मग जुन्या चवीचं जेवण बाहेर कुठे खाल्लं की खारट लागतं. एकदम अळणी केलंत तर जेवणाऱ्याच्या आधी तुम्हीच कंटाळाल.

कुठून कमी करायचं? पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार पदार्थांतून पोटात जातं, आपल्याकडे अजून बहुतेक मीठ स्वयंपाकघरातूनच, आपल्याच हातून पडतं. त्यामुळे दोरी तुमच्या हातात आहे. भातात आणि पोळीच्या कणकेत मीठ घालत असाल तर आधी ते बंद करा, त्याची उणीव आठवडाभरात कुणाला जाणवणार नाही. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत आपली जुनी आणि सुंदर आहे, पण सध्या त्या जागी लिंबाची मोठी फोड आणि ओली चटणी वाढा. सोलकढी आगळाची करत असाल तर आगळात मीठ भरपूर असतं, वरून चिमूटही नको. आंबट, तिखट आणि वास या तीन गोष्टी मिठाची जागा भरून काढतात. बांगड्याच्या आमटीत तिरफळं, डाळीला लसणीची फोडणी, भाजीवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. पापड भाजलेला असो की तळलेला, मीठ तेवढंच. त्यामुळे ‘मी भाजून खातो’ हा बचाव तेलापुरता ठीक आहे.

यातून काय मिळेल तेही आप्पांना खरं खरं सांगा. बीपी असलेल्या माणसांचं मीठ ४-५ ग्रॅमने उतरलं की वरचा आकडा सरासरी ५ने उतरतो. ऐकायला लहान वाटतं, पण पक्षाघाताच्या बाबतीत तेवढ्यानेही फरक पडतो. गोळी मात्र चालूच राहणार. मीठ सोडलं म्हणून गोळी सोडायची नाही, आणि गोळी आहे म्हणून मीठही मनसोक्त खायचं नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वय झालेल्या माणसाने मीठ जवळजवळ बंद केलं आणि त्यात लघवी जास्त होण्याची गोळी चालू असली, तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग माणूस सुस्तावतो, असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या जातात. आप्पांमध्ये असं काही दिसलं तर ‘वयच झालं’ म्हणू नका, त्याच दिवशी तपासणी करा. जुलाब-उलट्या लागल्या तर तेवढ्यापुरतं पथ्य बाजूला ठेवायचं आणि ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं तयार मिश्रण पाण्यात कालवून द्यायचं. बीपीच्या गोळीचं त्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं, आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. तिथे पाण्याला आतड्यातून रक्तात नेण्याचं काम साखर आणि मीठ जोडीने करत होते.

राहिला बांगडा. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील आणि सुकट यांत मीठ फार नसतं, ती विकत घेताना तेवढं विचारून घ्या आणि आप्पांना खुशाल करून घाला. खारा बांगडा मात्र मिठातच मुरलेला असतो. महिन्यातून एकदा करा, आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी ते पाणी ओतून दुसऱ्या पाण्यात ठेवा, आणि निखाऱ्यावर नाही तर तव्यावर भाजून अर्धा तुकडा वाढा, सोबत बिनमिठाची पेज. त्या दिवशी लोणचं नाही, पापड नाही, आणि वहीत लाल शाईने नोंद.